कॉर्डिअल

केतकीचा मेसेज: आई, ही कविता बघ ना,
गुरुवारी वर्गात बोलायचंय आणि मला ती लागतच नाहीये.
खाली लिंक. १८६३चा पेपर, आपल्याच हॅलिफॅक्सचा.
तिसरा कॉलम, चामडी पट्ट्यांची जाहिरात,
तिच्या पायाशी बारा ओळी.
सही: एच. बी., वाइंडर.

पान स्कॅन करणाऱ्याचा अंगठा राहिलाय कोपऱ्यात,
निळ्या रबरी मोज्यातला.
मीही तसलेच घालते, दिवसभर गोळ्या मोजताना.

वाइंडर हे मला आधी आडनावच वाटलं.
कोश म्हणाला: बॉबिनवर सूत गुंडाळणारी.
मग जनगणनेच्या वह्या उघडल्या, अक्षर फार तिरकं,
आमच्याच रस्त्यावर सापडल्या तीन एच. बी.
हॅना, हेस्टर,
तिसरीच्या नावावर शाई सांडलेली.
ज्या गिरणीत त्या जायच्या तिच्या तिसऱ्या मजल्यावर
आता आमचं स्वयंपाकघर आहे.

कविता म्हणते: कॉर्डिअल दिलंय त्याला,
निजेल तो आता पहाटेपर्यंत.
मी समजले सरबत.
आमच्या फ्रीजमध्ये आहे एल्डरफ्लॉवरचं, अर्धी बाटली.

कुणीतरी ती वाचून ठेवलीय, कुठल्याशा गावातला म्हातारा आवाज,
मागे त्याचा कुत्रा भुंकतो.
मी टेबलावर बोटांनी मोजते:
लगा लगा लगा लगा, शाळेत बाई फळ्यावर मांडायच्या तसं.
एका ओळीत चार ठोके, पुढच्या ओळीत तीन.
चौथ्याची जागा रिकामी.
पायानं पाळणा हलवता हलवता
पाय थांबावा, तशी.

साडेअकराला पुन्हा कॉर्डिअल शोधलं,
या वेळी जुन्या औषधांच्या यादीत.
काकवी, पाणी, मसाला,
आणि अफूचा अर्क.
प्रमाण वाचलं. पुन्हा वाचलं.
वीस वर्षं काउंटरमागे उभी आहे मी,
थेंबांचा हिशेब मला कुणी शिकवायला नको.
पहाटेपर्यंत निजेल म्हणाली होती ती.
शेवटच्या चार ओळींत पाळणा आहे, भोंगा आहे,
बाळ नाही.

झोप उडाली. एका टिपेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत,
आणि एकदम मुंबईच्या गिरण्यांवरचा एक पिवळा अहवाल,
त्यात रोमन अक्षरांत, परक्याच्या कपड्यांत उभा असावा तसा
एक शब्द: बाळागोळी.
कामावर जाताना बायका द्यायच्या पोरांना.
आमच्याकडे सुस्तावलेल्याला म्हणत,
अफूची गोळी घेऊन बसलायस का?
मीच केतकीला म्हणत आले, कितीदा, हसत.

केतकीला लिहिलं: उपमा शोधत बसू नकोस.
कॉर्डिअल म्हणजे कॉर्डिअलच.
आधी बाटलीवरचं लेबल वाच.

लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात दिसलं:
चित्राशेजारी यंत्रानं टाइप केलेला मजकूर असतो,
त्यात एक चूक होती.
छापील आर आणि एन चिकटले की यंत्राला एम दिसतो.
मॉर्न लिहिलं होतं तिनं, पहाट.
यंत्रानं वाचलं मॉम.
निजेल तो आता आईपर्यंत.

खाली बटण होतं: मजकूर दुरुस्त करा.
बराच वेळ कर्सर तिथे लुकलुकत राहिला.
बाहेर पहिली बस टेकडी चढत होती, आत दिवे, दोन सफाईवाल्या.
पण एका अक्षरानं माणूस जातो, हे माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य.
एम खोडला. आर लिहिला, एन लिहिला.
जतन झालं, असं आलं हिरव्या अक्षरांत,
आणि आई कवितेतून उठून
कामावर गेली.